ऐकावे पायाचे, करावे मनाचे

पहाटे साडेपाचला ती आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून निघते तेव्हा खुर्चीत डुलकी घेणाऱ्या वॉचमनकाकांची मानही हलत नाही. बटण दाबलं की समोरच्या पडद्यावर 'रेडी' एवढी हिरवी अक्षरं उमटतात. ना स्टार्टरची घरघर, ना सायलेन्सरचा खाकरा. खडीवरून चाकं फिरल्याची करकर तेवढी ऐकू येते.

गेटबाहेर वळलं की मात्र इंजिन जागं होतं. बॅटरीत चार्ज असला तरी होतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय कामाचा नसतो, आणि तो तापवायला इंजिनच लागतं. त्यामुळे सकाळची पहिली चार-पाच मिनिटं ती पेट्रोल पिते, आणि त्या वेळी कोणताही मोड लावला तरी तिला ते प्यायचंच असतं. तिला फक्त दूध आणायला नेलं, दीड किलोमीटर जाऊन परत आणलं, तर ॲव्हरेज दहा-बाराच्या पुढे सरकत नाही. 'हायब्रिड घेऊन काय मिळालं?' असं विचारणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा त्या दीड किलोमीटरमध्येच फिरत असते. तिची ओळख व्हायची तर तिला तापू द्यावं लागतं, थोडं लांब न्यावं लागतं.

माझी ग्रँड व्हिटारा आहे. नाव मारुतीचं, जन्म बंगळुरूजवळच्या बिडदीत, टोयोटाच्या कारखान्यात. म्हणजे माहेर टोयोटाचं आणि सासर मारुतीचं. 1997 च्या डिसेंबरात जपानमध्ये पहिली प्रियस विक्रीला आली, त्या घराण्याची रीत हिच्याकडे आली आहे: इंजिनाला नको त्या वेळी राबवायचं नाही. तिचं इंजिन 1490 सीसीचं, तीन सिलिंडरचं, ॲटकिन्सन पद्धतीचं. या पद्धतीत हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटतो. आत आलेलं थोडं मिश्रण मागे ढकललं जातं, आणि स्फोटानंतर वायूला फुलायला मात्र लांब वाट मिळते. तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. किंमत एकच, सुरुवातीचा जोर कमी पडतो. असं इंजिन एकटंच असतं तर पुण्यातल्या नळस्टॉपच्या सिग्नलवरून उठताना मागच्या रिक्षांचे हॉर्न ऐकत बसलं असतं. तिथे वीजमोटर पुढे होते. मोटरचा जोर चाक हलण्याच्या आधीपासून पुरा असतो.

या दोघांमधली दातेरी चाकं सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी बसवलेली आहेत. मधल्या सूर्यचाकाला जनरेटर, ग्रहचाकांच्या चौकटीला इंजिन, आणि बाहेरच्या कड्यावरून जोर रस्त्याच्या चाकांकडे. क्लच नाही, पट्टा नाही, पहिला-दुसरा गिअर नाही. मला या रचनेचं कौतुक वाटतं ते ती अवघड आहे म्हणून नव्हे. एवढं मोठं काम करायला किती थोडे भाग लागले म्हणून. कोणाचा वाटा किती हे ती दर क्षणाला ठरवते. कधी इंजिन चाकंही ओढतं आणि जनरेटरही फिरवतं, कधी सगळा भार मोटरवर, कधी ब्रेक दाबला की तीच मोटर उलट काम करून वीज भरते.

हे सगळं तीच ठरवत असेल तर चालवणारीकडे काय उरतं? पाय उरतो. आणि गिअरच्या दांड्याजवळची दोन बटणं.

एका बटणावर तीन स्वभाव आहेत: इको, नॉर्मल आणि पॉवर. दुसऱ्यावर ईव्ही. शोरूममधला मुलगा इको दाखवत म्हणाला होता, "मॅडम, एवढं लावून ठेवा, पेट्रोल वाचतंय." मी त्यावर विश्वास ठेवला आणि पहिल्या दोन टाक्या तशाच चालवल्या. मग एक वही सुरू केली. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर परत फुल करायची. एक टाकी इकोवर, एक नॉर्मलवर, एक पॉवरवर. तिन्ही टाक्यांमध्ये जो फरक पडला त्यापेक्षा मोठा फरक माझ्या दोन सोमवारांमध्ये होता: एका सोमवारी मला उशीर झालेला होता, एका सोमवारी नव्हता.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की मोड बदलला की तिचा कान बदलतो. पाय जे सांगतो ते ती किती मनावर घेते, एवढाच प्रश्न असतो. पॉवरमध्ये ती हलक्या कानाची होते. पायाने जरा कुजबुज केली की तिला ते खरं वाटतं, आणि इंजिन धावत येतं. नॉर्मलमध्ये सांगाल तेवढं, तसं. इकोमध्ये तिचं वागणं ऐकावे जनाचे, करावे मनाचे असं: पेडल पाव दाबलं तरी त्यातलं थोडंच मनावर घेते, आणि एसीचा हातही जरा आखडता ठेवते. पण पेडल तळापर्यंत दाबलं तर तिन्ही मोडमध्ये ती हातचं राखत नाही. काळीज आणि फुप्फुसं तीच असतात, फक्त कान वेगळे.

म्हणून इको लावून दणादण पाय मारणाऱ्याचं पेट्रोल वाचत नाही. पॉवर लावून पेडलवर पिसासारखा पाय ठेवणाऱ्याचं फार जास्त जळतही नाही. बटणाने ॲव्हरेज वाढतं असं सांगून गाडी विकणं मला पटत नाही, कारण त्यात त्या बटणाचा खरा गुण झाकला जातो.

तो गुण मला कर्वे रस्त्यावर कळला. खड्डा आला, गतिरोधक आला, पुढची स्कूटर अचानक वळली, की अंग हलतं आणि अंगाबरोबर पाय हलतो. ती काही आपली आज्ञा नसते, नुसती थरथर असते. नॉर्मलमध्ये ती थरथर इंजिनापर्यंत पोचते. विजेवर शांत चाललेली गाडी एका हिसक्यासाठी इंजिन उठवते, मग उठलेलं इंजिन लगेच निजत नाही. इकोमध्ये ती थरथर वाटेतच विरून जाते. पुण्यातल्या दहा किलोमीटरमध्ये अशा किती थरथरी होतात ते मोजायला बसलं तर थक्क व्हायला होतं. शहरात माझी वही इकोवर बावीस-तेवीस दाखवते, त्याचं श्रेय मी या विरून गेलेल्या थरथरींना देते.

तिचा प्रमाणित आकडा लिटरला 27.97 किलोमीटर आहे. लोक अशा आकड्याला 'एआरएआयचं मायलेज' म्हणतात, कोथरूडच्या टेकडीवरच्या संस्थेच्या नावाने, चाचणी कुठेही झालेली असो. ती चाचणी बंद खोलीत होते, फिरत्या रुळांवर, ठरलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार. त्या खोलीत खड्डे नसतात आणि कोणाला उशीर झालेला नसतो. आकडा खोटा नाही. सगळ्या गाड्यांना एका मापाने मोजायला तो हवाच. तिच्याकडून मात्र रोज त्याची अपेक्षा करणं हा तिच्यावर अन्याय आहे.

इको जिथे लावू नये अशाही जागा आहेत. नवले पुलापाशी सेवारस्त्यावरून महामार्गावर घुसायचं असतं आणि मागून कंटेनर येत असतो, तेव्हा ऐकून घेऊन विचार करणारी गाडी नको असते. तिथे पॉवर लावायचं, हव्या त्या वेगाला पटकन पोचायचं आणि परत इको. यात पेट्रोलची उधळपट्टी होते असं वाटतं, पण तसं नसतं. तिच्या इंजिनाला कुंथत, रेंगाळत काम करणं मानवत नाही. मधल्या जोराने थोडा वेळ नीट काम करावं आणि मग पूर्ण झोपावं, यात ते जास्त काटकसरी असतं. हडपसरकडे जाताना पुढची बस रांगत असेल तर मीही रांगत नाही. थोडं अंतर पडू देते, मग ठाम पायाने पन्नासला जाते आणि पाय किंचित सैल सोडते. पडद्यावरचा बाण इंजिनाकडून चाकाकडे जात होता, तो बॅटरीकडून जायला लागतो. एकदा का हा बाण फिरला की पाय कसा ठेवायचा हे तिने मला शिकवलं. सोडलेला नाही, दाबलेलाही नाही. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर हात ठेवावा तसा.

आता ईव्हीचं बटण. दिसतं तसं नसतं, हे तिच्या बाबतीत इथेच लागू पडतं. हे बटण पाहिलं की प्रत्येकाला वाटतं की हेच फुकटचं, हेच सारखं दाबावं. पण तिला घरी प्लगला लावता येत नाही. तिच्या बॅटरीत जे काही येतं ते शेवटी पंपावरूनच आलेलं असतं, आणि ती बॅटरी आहे 0.76 किलोवॅट-तासाची. महावितरणच्या बिलातलं एक युनिटसुद्धा नाही. सपाट रस्त्यावर हट्टाने ईव्ही लावून ती रिकामी केली की थोड्याच वेळात इंजिनाला चाकं ओढायची असतातच, वर ही घागरही भरायची असते. पेट्रोलची वीज करताना काही भाग उडतो, विजेचा पुन्हा जोर करताना आणखी उडतो. या खिशातून त्या खिशात पैसे टाकताना दर वेळी काही नाणी गळावीत तसं. एकटी सोडली तर ती इंजिन कधी झोपवायचं हे माझ्यापेक्षा चांगलं जाणते. कित्येकदा तर बटण दाबलं तरी ती ऐकत नाही. आत्ता जमणार नाही असा संदेश पडद्यावर देते आणि आपलं काम करत राहते. वर्षभर मी ते बटण फक्त पहाटे घरी परतण्यासाठी ठेवलं होतं, इंजिन आधीच गरम असलं आणि कोणाची झोप मोडायची नसली तर.

दुसरी एक सवय तिला अजिबात सोसत नाही, ती न्यूट्रलची. डिझेलच्या गाड्यांवर वाढलेली आपली माणसं उतार दिसला, सिग्नल लागला की हात आपोआप दांड्याकडे नेतात. तिच्यात न्यूट्रल केलं की बॅटरीत वीज भरणंच थांबतं. सिग्नलला ती तशीही इंजिन बंद करून उभी असते, एसी विजेवर चालू असतो. डी मध्ये ठेवून ब्रेकवर पाय, बास. उतारावर न्यूट्रल म्हणजे तर दारात आलेलं परत पाठवणं.

हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते प्रथमच तिच्याकडे वळून नीट पाहू लागले. अण्णा एसटीत चालक होते, वाई आगारात. 'ॲव्हरेज' हा शब्द ते वापरत नाहीत. "केपीटीएल किती देती?" असं विचारतात. दहा लिटरला किती किलोमीटर, महामंडळात डिझेलचा हिशेब असा मांडतात. मी म्हटलं, "अण्णा, गावात दोनशे तीस." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचं आयुष्य पन्नासच्या अलीकडे-पलीकडे गेलं होतं, आणि पन्नासाचा बावन्न करायला त्यांनी पायाला काय काय शिकवलं होतं ते फक्त त्यांना माहीत. मग म्हणाले, "घाटात न्यूट्रल मारणाऱ्याला आम्ही डायवर म्हणायचो नाही. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं."

मी त्यांना दांड्यावरचा बी दाखवला. तिच्यात गिअर नाहीत, म्हणून उतरतानाचा गिअर एका अक्षरात ठेवला आहे. बी मध्ये टाकलं की पाय सोडताच ती स्वतःला धरून ठेवते. हे त्यांना इतकं पटलं की महाबळेश्वरला मावशीकडे गेलो तेव्हा परतीला ते पुढच्या सीटवर बसले आणि सबंध पसरणी घाट त्यांनी तिच्या पडद्यावरून नजर काढली नाही. डावीकडे धोम धरणाचं पाणी चमकत होतं, तिकडेही बघितलं नाही.

वरून निघालो तेव्हा बॅटरीच्या आठ घरांपैकी सहा भरलेली होती. घाट सुरू झाला, आणि ब्रेकवर नुसता पाय टेकला तरी वीज भरू लागली. इथे पायाची आणखी एक शिस्त आहे. वळणाच्या खूप आधी, हळू, लांबवून ब्रेक दाबला तर मोटरच गाडीला आवरते आणि ते सगळं बॅटरीत जातं. उशिरा, जोरात दाबला तर लोखंडी डिस्क आवरते आणि ते सगळं उष्णता होऊन उडून जातं. अण्णांना हे सांगावंच लागलं नाही. एसटीच्या माणसाला वळण दिसायच्या आधी वळण माहीत असतं.

चार-पाच वळणं झाली आणि आठही घरं भरली. त्यानंतर ती एकदम ओरडू लागली. इंजिनाचा आवाज चढला, चढ ओढताना चढावा तसा. अण्णा चपापले. "उतारावर कशाला रडती ही?"

मी समजावलं. पेट्रोलचा थेंबही जळत नाहीये. बॅटरी भरली, आता तिच्यात वीज मावत नाही, म्हणून जनरेटर नुसत्या इंजिनाला फिरवतो आणि जादा जोर तिथे खर्ची पडतो. पाचगणी जवळजवळ तेराशे मीटरवर आहे, वाई सातशेच्या आसपास. सहाशे मीटर खाली येताना माणसांसकट दीड टनाची गाडी दोन-अडीच युनिट वीज होईल एवढा जोर सोडून देते. त्यातला काही रस्ता आणि वारा खातो. तिचं भांडं मुळात पाऊण युनिटाचं, त्यातही ती अगदी तळ आणि अगदी काठ वापरत नाही, बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून. घाट देतो ते तिच्या ओंजळीत मावत नाही.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं. पसरणी गाव आलं, सपाटी लागली, इंजिन गप्प झालं. तेव्हा म्हणाले, "मग वरून भरली घागर घिऊन का निघालीस? पाण्याला जाताना कुणी भरली घागर नेतं व्हय?"

वर्षभर मी वही लिहीत होते, मोडांचा अभ्यास करत होते, आणि ईव्हीच्या बटणाची खरी जागा मला सापडली नव्हती. ती पाचगणीच्या बाजारात होती. पुढे घाट आहे हे तिला माहीत नसतं. तिला फक्त मागचा रस्ता माहीत असतो आणि पायाखालचा. पुढचं वळण, पुढचा उतार, हे चालवणाऱ्याने सांगायचं असतं, आणि सांगायला तिच्याकडे तेवढं एक बटण आहे.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. परतताना पाचगणीत शिरलो तेव्हा सहाच घरं होती. अण्णांनी स्वतः वाकून ईव्हीचं बटण दाबलं. या वेळी ती नाही म्हणाली नाही. शाळा सुटलेली, रस्त्यात पोरं, स्ट्रॉबेरीच्या हातगाड्या, बसगाड्या, असे रांगत रांगत दोन किलोमीटर गेलो, सगळे विजेवर. दांडेघरपाशी दोन घरं उरली. मग डी, मग पहिल्या वळणाला बी. घरं एकेक भरत गेली. पाच. सहा. मागच्या वेळी ती जिथे ओरडू लागली होती ते वळण गप्पपणे गेलं, त्याच्या पुढची दोनही गेली. मग ओरडली, पण थोडाच वेळ, आणि अण्णा म्हणाले, "आता रडू दे. आता खरंच मावत नाही."

हिशेब सांगायचा तर वाचलं ते घाटात नाही. घाट तर दोन्ही वेळा तिला काठोकाठ भरूनच खाली सोडतो. वाचलं ते वरच्या बाजारातल्या दोन किलोमीटरचं पेट्रोल, फार तर अर्धी वाटी. एवढ्याशासाठी एक म्हातारा माणूस सबंध घाट हातात कागद धरून वळणं मोजत बसला होता, आणि मला ते अजिबात जास्त वाटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं डिझेल स्वतःचं असल्यासारखं जपलेला तो पाय होता.

वाईत शिरलो. कृष्णेच्या पुलावर ती पूर्ण शांत होती, आठ घरं भरलेली, इंजिन निजलेलं. नदीच्या घाटावर कोणी कपडे आपटत होतं तो आवाज काचा खाली केल्यावर आत आला. घरी पोचल्यावर अण्णांनी माझी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि तारखेपुढे लिहिलं: पाचगणी, ईव्ही, दोन घरं. मग पेन तसंच धरून मला विचारलं,

"परवा पुण्याला जाशील तेव्हा खंबाटकीच्या बोगद्यापल्याड उतार हाय. तिथं किती घरं ठेवायची?"